तालुक्याच्या न्यायालयातील वकिलांनी शिकत राहायचे कसे, आणि कोणाकडून?

जांभा_कातळ (धागाकर्ता)

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात एकोणीस वर्षे दिवाणी कामे चालवतो. हा धागा काढावा लागला तो एका गडग्यामुळे, म्हणजे दगडी कुंपणामुळे. माझ्या अशिलाच्या काजूच्या बागेचा गडगा शेजाऱ्याने एका रात्रीत ढासळवला आणि अशिलाच्या मुलाने तो प्रकार मोबाइलवर टिपला. २०२४ च्या दिवाळीनंतर मी दावा दाखल केला, निशाणी ५ च्या मनाई अर्जासोबत ते चित्रीकरण पेन ड्राइव्हवर दिले आणि त्याला इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडले. हे प्रमाणपत्र मी संगणकात सहा-सात वर्षे पडून असलेल्या नमुन्यावरून केले होते. पुरावा अधिनियमाचे कलम ६५-ब तसेच ठेवून केवळ नावे आणि तारीख बदलली होती. समोरचे वकील माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी उभे राहून एवढेच विचारले की, १ जुलै २०२४ नंतर दाखल झालेल्या दाव्यात १८७२ चा अधिनियम कोठून आला. त्या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून मी पुढील तारीख मागितली.

त्या तारखेपासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम यांच्या जागी न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे नवे कायदे आले, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. आमच्या बार रूमच्या भिंतीवर तक्ता लावलेला आहे. ३०२ चे १०३ झाले, ४२० चे ३१८(४) झाले, अटकपूर्व जामिनाचे ४३८ आता ४८२ झाले, हे सगळे त्यात आहे. परंतु हे तिन्ही कायदे म्हणजे फौजदारीवाल्यांचे काम, अशी माझी पक्की समजूत होऊन बसली होती. साक्ष्य अधिनियम दिवाणी दाव्यालाही तितकाच लागू असतो, ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळणारी गोष्ट माझ्या ध्यानातून निसटली. विशेष म्हणजे जून २०२४ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या एका व्याख्यानाला मी स्वतः हजर होतो. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा परिचय यांत पाऊण तास गेला. उरलेल्या वेळात जुन्या कायद्यांचा इतिहास ऐकला आणि आम्ही चहा घेऊन परत फिरलो.

साक्ष्य अधिनियमाच्या नव्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र अनुसूचीतील ठरलेल्या नमुन्यातच द्यावे लागते. त्याचा भाग अ पक्षकार भरतो आणि भाग ब तज्ज्ञ भरतो. दोन्हींत त्या फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे काय, हे त्या दिवशी आमच्या बार रूममध्ये बसलेल्या अकरा जणांपैकी एकालाही सांगता आले नाही. माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने संध्याकाळी कार्यालयातील संगणकावर एक ओळ टाइप केली आणि पडद्यावर चौसष्ट अक्षरांची व अंकांची एक माळ उमटली; तोच त्या फाइलचा हॅश. त्यानंतर त्याने तेच चित्रीकरण अशिलाने मला व्हॉट्सॲपवर पाठवले होते त्या प्रतीवर तीच क्रिया केली, तर माळ पूर्णपणे वेगळी आली. डोळ्यांना दोन्ही चित्रीकरणे एकच दिसत होती. तोच गडगा, तेच कोसळणारे चिरे. व्हॉट्सॲप पाठवताना चित्रीकरण आवळते, म्हणून फाइल बदलते आणि फाइल बदलली की हॅशही बदलतो, हे त्याने मला पाच मिनिटांत समजावले. एकोणीस वर्षांच्या वकिलीत मला त्या पाच मिनिटांइतके कोणत्याही व्याख्यानाने शिकवलेले नाही.

माझा प्रश्न असा आहे की, व्यवसायात असलेल्या वकिलांसाठी निरंतर शिक्षण सक्तीचे असावे काय, आणि असल्यास आपल्यासारख्या तीस-चाळीस वकिलांच्या न्यायालयात ते कोणत्या रूपात व्हावे?

खाडीपलीकडचा

आपली चूक आपण उघडपणे मांडलीत, त्याबद्दल आदर वाटतो. परंतु निष्कर्ष घाईचा आहे. मी १९८४ पासून वकिली करतो. आमच्या वेळी ज्येष्ठांच्या मागे पाच वर्षे बॅग वाहिली की शिक्षण होत असे आणि ते पुढे चालू राही, कारण प्रत्येक नवी फाइल काहीतरी शिकवते. सक्ती आली की प्रमाणपत्रे येतील, त्यांचे शुल्क येईल, ते गोळा करणाऱ्या संस्था येतील आणि तालुक्यातला वकील पुन्हा एकदा रांगेत उभा राहील.

आपल्या गडग्याविषयी एक सुचवतो. मूळ मोबाइल ज्याचा आहे त्या मुलालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करावे आणि तो मोबाइल न्यायालयात हजर करावा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा जुलै २०२० चा निवाडा आपल्याच राज्यातील जालन्याच्या निवडणुकीवरून झालेला आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने शपथेवर हजर केले तर प्रमाणपत्राची गरज उरत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. निवाडा जुन्या कलमावरचा असला तरी तत्त्व मांडता येईल. हे मला कोणत्याही शिबिरात शिकवलेले नाही. मी तो निवाडा वाचला.

जांभा_कातळ

सूचना मोलाची आहे आणि ती मला सुचायला हवी होती. अडचण इतकीच की, तो मोबाइल मुलाने गणपतीपूर्वीच जुना देऊन नवा घेताना दुकानात दिला होता. त्याआधी केबलने काढलेली पेन ड्राइव्हवरील प्रत तेवढी हाती आहे. आपण निवाडे वाचता, कारण आपल्याला वाचनाची सवय आहे. ज्यांना ती नाही, त्यांच्या अशिलांनी काय करावे?

कुडाळचा_बालरोगतज्ज्ञ

मी वकील नाही, परंतु सक्तीच्या निरंतर शिक्षणाचा अनुभव असल्याने लिहितो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार आम्हाला पाच वर्षांत तीस गुण मिळवावे लागतात, त्याशिवाय नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. आमचे सनदी लेखापाल मित्र सांगतात की, व्यवसाय करणाऱ्या सदस्यांना तीन वर्षांत १२० तास भरावे लागतात. हे कागदावर उत्तम दिसते. प्रत्यक्षात मी अशा एका परिषदेला गेलो आहे, जेथे सकाळी नऊला स्वाक्षरीसाठी रांग होती, साडेदहाला सभागृह अर्धे रिकामे होते आणि दीड वाजता जेवणाच्या रांगेत पुन्हा सर्वजण भेटले. माझ्याही नावावर त्या दिवसाचे गुण जमा झाले, आणि मी दुपारचे सत्र ऐकले नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

तरीही सक्ती अगदीच निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. त्या सक्तीमुळेच नवजात अर्भकाच्या पुनरुज्जीवनाच्या एका कार्यशाळेला जाणे झाले, जेथे बाहुलीवर प्रत्यक्ष हात चालवावा लागला. तेथे कोणी झोपू शकत नव्हते. हाताने करून पाहण्याचे शिक्षण आणि खुर्चीत बसून ऐकण्याचे शिक्षण यांचे गुण सारखेच मोजले जातात, हे माझ्या मते मूळ दुखणे आहे.

जांभा_कातळ

डॉक्टरसाहेबांचा मुद्दा परदेशातील अनुभवाशी जुळतो. अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी १९७५ साली वकिलांना ठरावीक तासांची सक्ती प्रथम केली आणि नंतर ती बहुतेक राज्यांत पसरली. इंग्लंडमधील सॉलिसिटरांना वर्षाला सोळा तासांची अट होती. ती नोव्हेंबर २०१६ पासून काढून टाकण्यात आली. आता आपण कोठे कमी पडतो ते प्रत्येकाने स्वतः तपासायचे, त्यानुसार शिकायचे आणि तसे केल्याचे दरवर्षी जाहीर करायचे, अशी पद्धत आहे. यात लबाडीला वाव आहे, परंतु तो तासांच्या हिशेबातही होताच.

आपल्याकडे १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा राखणे हे भारतीय विधिज्ञ परिषदेकडे सोपवले. चर्चासत्रे आणि व्याख्याने भरवणे हे राज्य परिषदांच्या कामांत घातले. वकिलाने स्वतः शिकत राहिले पाहिजे, असे मात्र तो अधिनियम कोठेही म्हणत नाही. अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षा आली, फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने ती घेण्याचा परिषदेचा अधिकार मान्यही केला. पण ती उंबरठ्यावरची परीक्षा आहे. एकदा आत आल्यावर पुढची चाळीस वर्षे कोणी काही विचारत नाही. न्यायाधीशांना प्रशिक्षणासाठी उत्तनच्या न्यायिक अकादमीत जावे लागते. म्हणजे खुर्चीवर बसणारा शिकून येतो आणि त्याच्यापुढे उभा राहणारा भिंतीवरच्या तक्त्यावर अवलंबून असतो.

लालबागची_माहेरवाशीण

ज्या अशिलांनी काय करावे असे वर विचारले आहे, त्यांपैकी मी एक आहे. आमचे गाव गुहागर तालुक्यात. वडील १९९८ साली गेले. जमीन आजही सात-बारावर सामायिक आहे, वाटप झालेले नाही. माझे लग्न १९९१ चे, त्यामुळे मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा देणाऱ्या, महाराष्ट्राने १९९४ साली केलेल्या दुरुस्तीचा लाभ मला नाही, इथपर्यंत वकिलांनी मला बरोबर सांगितले. त्यापुढे ते म्हणाले की, २००५ ची केंद्राची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नव्हते, म्हणून तुम्हाला वडिलांच्या वाट्यातला अंश मिळेल, भावांच्या बरोबरीचा वाटा मिळणार नाही. त्यासाठी त्यांनी प्रकाश विरुद्ध फुलवती या २०१५ च्या निवाड्याची प्रतही मला दाखवली, खाली रेघा मारलेली. ही गोष्ट २०२२ च्या मे महिन्यातली आहे.

मी हक्कसोडपत्रावर सही करण्याच्या बेतात होते. भाऊ काही वाईट नाहीत, आणि आंब्याच्या चार पेट्यांसाठी माहेर तोडावे असेही मला वाटत नव्हते. माझा भाचा तेव्हा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने तो कागद पाहिला आणि म्हणाला, "मावशी, हा निवाडा दोन वर्षांपूर्वीच रद्दबातल ठरला आहे." ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्माने असतो, त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही, असे ठरवले होते. वकिलांना हे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. चष्मा काढून त्यांनी तो मोबाइलवर वाचला आणि काही वेळ गप्प बसले. त्यांचे वय पाहता मला त्यांची दयाच आली. पण सही झाली असती तर?

खाडीपलीकडचा

ताई, आपण जे लिहिले त्यावर मी काही बचाव करू इच्छित नाही. तो निवाडा मीही काही काळ वापरला आहे. २०२० च्या पूर्वी, हे नमूद करतो.

माजी_अव्वल_कारकून

महसूल खात्यात मी एकतीस वर्षे काढली, त्यातील बरीच सिंधुदुर्गात. वकिलांचे अज्ञान टेबलाच्या पलीकडून जसे दिसते तसे लिहितो. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या विक्रीला पूर्वी कलम ४३ खाली परवानगी लागत असे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कलम ३२-म चे खरेदी प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील, तर पूर्वपरवानगी लागत नाही. आकाराच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा भरला आणि खरेदीदार शेतकरी असला की पुरते. कोकणातल्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचा आकार तो काय? अडीच रुपये आकार असेल, तर नजराणा शंभर रुपये. असे असताना त्यानंतर चार-पाच वर्षांनीही आमच्या कार्यालयात परवानगीचे अर्ज येत होते, सोबत दहा-दहा जोडपत्रे, आणि त्यासाठी पक्षकाराने वकिलाला मोजलेली फी नजराण्याच्या कितीतरी पट असणार. आमच्यापैकी काहींनी ते अर्ज परत करण्याऐवजी फाइल उघडून चालवले, हाही दोष मान्य करतो.

तेव्हा केवळ सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे शिकवून भागणार नाही. तालुक्याच्या वकिलाचे निम्मे काम फेरफार, वारस नोंद, कुळकायदा, सागर किनारा नियमन क्षेत्र यांत असते आणि या विषयांवर कोणी मोठा वक्ता व्याख्यान देत नाही. किनारा नियमनाची २०१९ ची अधिसूचना त्या भागाचा नवा आराखडा मंजूर झाल्याखेरीज लागू होत नाही, तोवर २०११ चीच धरावी लागते. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्याने समुद्राकाठी घर बांधणाऱ्यांना चुकीचे सल्ले मिळालेले मी पाहिले आहेत.

सुरंगीचा_वळेसर

मी वेंगुर्ले बाजूला सहा वर्षे वकिली करते, बहुतांश धनादेशाची प्रकरणे. ट्रॉलरमालक, बर्फाचा कारखाना, जाळ्यांचे व्यापारी असे माझे पक्षकार. जुलै २०२४ नंतर आमच्याकडे विचित्र गोंधळ होता. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे तक्रारीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. हे कलम १३८ च्या, म्हणजे धनादेश न वटल्याच्या तक्रारींना लागू आहे की नाही, यावर एका न्यायालयात एक पद्धत आणि शेजारच्या तालुक्यात दुसरी. आरोपी बोटीवर गेलेला असला की ती पहिली नोटीसच चार-चार महिने बजावली जात नसे. सप्टेंबर २०२५ मध्ये संजाबिज तारी विरुद्ध किशोर बोरकर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तशा नोटिशीची गरज नाही असे सांगितले. हे प्रकरण गोव्यातून, म्हणजे आमच्या अगदी शेजारून वर गेलेले. त्याच निवाड्यात तक्रारीच्या सुरुवातीस ठरावीक नमुन्यातला गोषवारा जोडण्याचेही निर्देश आहेत. मला हे तिसऱ्या दिवशी समजले ते एका व्हॉट्सॲप गटामुळे. त्याच गटावर त्याच आठवड्यात अस्तित्वात नसलेल्या एका निवाड्याचा उताराही फिरत होता, शुद्ध इंग्रजीत, परिच्छेद क्रमांकासहित. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले दाखले न्यायालयात दिले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला, ही बातमी आपण हसून वाचली होती. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे २०२३ पासून अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि अनेकांचे मराठी अनुवादही तेथे आहेत. तरीही उतारा पडताळून न पाहता तो पुढे ढकलणारे आमच्यातच आहेत.

सक्तीविषयी माझे मत वेगळ्या कारणाने प्रतिकूल आहे. चर्चासत्रे होतात मुंबई-पुण्यात, फार तर जिल्ह्याच्या ठिकाणी. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाल्यापासून आम्हाला मुंबई गाठावी लागत नाही, हे खरे. पण पावसात घाट चढून जायचे आणि संध्याकाळी मुलाला शाळेतून आणायला परतायचे, हे गणित व्याख्यानासाठी कोणी जमवणार नाही. दूरदृश्य पद्धतीने घ्या म्हणावे, तर जून ते सप्टेंबर वीज आणि रेंज यांचा भरवसा कोणी देत नाही. शिवाय ही व्याख्याने इंग्रजीतून होतात, आणि आमचे दावे, कैफियती, सरतपास, उलटतपास सगळे मराठीतून.

जांभा_कातळ

सर्वांचे वाचल्यावर, आम्ही जे सुरू केले आहे ते सांगतो. महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी न्यायालय चालू असते. कामकाज संपल्यावर आम्ही सात-आठ जण बार रूममध्ये दीड तास बसतो. वक्ता नाही, हार नाही, प्रमाणपत्र नाही. एकाने आपली एक फाइल आणायची आणि तिच्यातील एकच कागद सर्वांनी मिळून पुन्हा लिहायचा. पहिल्या बैठकीत माझे नाकारले गेलेले प्रमाणपत्र होते. प्रत्येकाने आपल्या मोबाइलवरील एका छायाचित्राचा हॅश काढला आणि भाग अ स्वतःच्या हाताने मराठीत भरला. सर्वांत ज्येष्ठ सदस्य एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना ती माळ इतकी आवडली की, त्यांनी नातवाच्या छायाचित्राचा हॅश वहीत उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच येतो का, हे पडताळून पाहिले. तसाच आला.

दुसऱ्या बैठकीला वाटपाच्या दाव्यातील वाद-प्रतिवाद होते. ताईंचा अनुभव वाचून आता असे ठरवले आहे की, दावा किंवा कैफियत दाखल करण्यापूर्वी त्यात आधार घेतलेला प्रत्येक निवाडा आजही कायम आहे का, हे दुसऱ्या कोणीतरी पाहून समासात आद्याक्षरे लिहायची. तालुक्याच्या वकिलाला ठाऊक नसते ते नेमके काय, हे त्यालाच ठाऊक नसते. म्हणून त्याने विषय निवडून शिकावे ही अपेक्षाच फोल आहे. त्याचा कागद दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेला, तरच ते उघडे पडते. अशा बैठकांना विधिज्ञ परिषदेने मान्यता द्यावी की नाही, यावर आमच्यातच दुमत आहे. मला स्वतःला मान्यतेची भीती वाटते. उपस्थितीपट आला की डॉक्टरसाहेबांनी वर्णिलेली सकाळची रांग येईल.

खाडीपलीकडचा

एक गंभीर हरकत नोंदवतो. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड करता येत नाही. पुरावा अधिनियमाचे जुने कलम १२६, साक्ष्य अधिनियमाचे आताचे १३२. मुंबईत फाइल दहा जणांनी पाहिली तर बिघडत नाही, कारण ते दहा जण त्या अशिलाला ओळखत नाहीत. तुमच्या बार रूममध्ये त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला समोरच्या पक्षाचा वकील बसलेला असतो आणि गडगा कोणाचा, हे नाव झाकले तरी साऱ्या गावाला माहीत असते.

जांभा_कातळ

हरकत रास्त आहे आणि तिच्यावर आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. सध्या नियम असा की, ज्या कागदाची प्रत समोरच्या पक्षाला आधीच मिळालेली आहे, तोच टेबलावर ठेवायचा, आणि अशिलाने तोंडी काय सांगितले याचा उच्चार करायचा नाही. समासातील आद्याक्षरांसाठी मात्र कागद दाखवायचाच नाही. नुसती निवाड्यांची यादी द्यायची, नावगाव काही नाही, आणि तीही त्या प्रकरणात नसलेल्या सहकाऱ्याला. निकाली निघालेल्या कामांच्याच फाइली घ्याव्यात, अशीही सूचना आली होती. परंतु निकाली कामातील चूक शोधण्यात कोणाचे मन लागत नाही, हा दोन बैठकांचा अनुभव. आपण एखाद्या शनिवारी याल काय? उलटतपासावर आपल्याइतके अधिकाराने बोलणारे आमच्याकडे कोणी नाही, आणि शाल मिळणार नाही हे आधीच सांगतो.

खाडीपलीकडचा

फेरीबोटीची शेवटची वेळ पाहून कळवतो. चहा मात्र बिनसाखरेचा लागेल.

सुरंगीचा_वळेसर

सर, एक विचारायचे राहिले. भाग ब वर तज्ज्ञ म्हणून शेवटी सही कोणी केली? माझ्याकडे एका बोटीवरील भांडणाचे असेच चित्रीकरण आले आहे आणि आमच्या तालुक्यात तसा माणूस कोण, हे मला समजत नाही.

जांभा_कातळ

महाविद्यालयात संगणक विषय शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी केली. समोरच्या वकिलांची हरकत अशी की, माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली अधिसूचित झालेला परीक्षकच तज्ज्ञ धरता येईल. माझे म्हणणे असे की, अनुसूचीत नुसता तज्ज्ञ हा शब्द आहे आणि न्यायालयाने तो जसाच्या तसा वाचावा. न्यायाधीशांनी हरकत नोंदवून घेतली आहे आणि युक्तिवादासाठी पुढील महिन्याची अकरा तारीख दिली आहे. तुमच्या बोटीचे चित्रीकरण ज्या मोबाइलवर आहे, तो तेवढा बदलू देऊ नका.